तुम्ही विचारलंत म्हणून: परभणीच्या पोरीला समुद्राचं काय पडलंय

लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, आता व्हॉट्सॲपवरच्या भावकीच्या ग्रुपमध्ये पण सुरू झालंय. "परभणीच्या पोरीला समुद्राचं काय पडलंय गं, त्यातही खालच्या पाण्याचं?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न तयार, "बरं ते जाऊदे, यंदा पाऊस कसाय?" माझं कामच समुद्राच्या खालच्या पाण्यातली उष्णता बघायचं, म्हणून हे प्रश्न. आजवर हसून टाळलं. आता एकदाच लिहिते, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

विहिरीत पोहलेल्या माणसाला फार सांगावं लागत नाही. मे महिन्यात वरचं पाणी कोमट असतं आणि सूर मारून खाली गेलं की अंगावर काटा येतो. समुद्रात तेच, वरचा ढवळलेला थर गरम, मग पुढच्या काही शे मीटरमध्ये तापमान झपाट्यानं उतरतं, आणि त्याखाली तळापर्यंत गारच. पण समुद्राचं पाणी जागेवर थांबत नाही. पॅसिफिकमध्ये व्यापारी वारे गरम पाणी इंडोनेशियाकडं रेटत राहतात, त्यामुळं तिकडं तो थर दीडेकशे मीटर जाड असतो आणि पेरूच्या किनाऱ्याला अगदी पातळ. वारे ढिले पडले की ती उष्णता पृष्ठभागाखालनं पूर्वेकडं निघते, पलीकडं पोचायला दोन-तीन महिने घेते, तिथं वर आली की मग टीव्हीवाले एल निनो एल निनो करायला लागतात, कारण तसं झालं की आपला पाऊस बऱ्याचदा कमी पडतो. म्हणजे बातमी व्हायच्या आधी ती खाली दिसत असते. म्हणून खालचं बघायचं, हौस म्हणून नाही.

आणि जग तापतंय म्हणतात ना, त्या जास्तीच्या उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रातच जाते. ती मोजायला आर्गो नावाच्या जागतिक प्रकल्पाचे चारेक हजार फ्लोट, म्हणजे आपोआप बुडणारी-तरंगणारी यंत्रं, जगभर सोडलेत, ते १,००० मीटरवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून वर येतात, येताना तापमान आणि खारेपणा मोजतात आणि सॅटेलाइटला पाठवून परत बुडी. भारताचं हे काम हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेतनं चालतं. परभणीहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, तेव्हा "समुद्र कुठं अन् तू कुठं" हे पण आता बास.

आता पावसाचं. २०१५ च्या मे महिन्यात मी घरी होते. आदल्या साली पाऊस गेलेला, दुकानदाराची उधारी तशीच, आणि अण्णा बियाण्याचा हिशोब करत ओट्यावर बसलेले. मी लॅपटॉप काढला आणि पॅसिफिकचा उभा छेद, म्हणजे वरपासून खोलपर्यंतच्या तापमानाचं चित्र, दाखवला, पृष्ठभागाखाली हा एवढा लाल पट्टा. अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"हे लाल काय हाय?"

"गरम पाणी. यंदा अवघड दिसतंय, अण्णा."

"मागल्या साली बी हुतं का हे?"

होतं. तेच तर. २०१४ च्या सुरुवातीला असाच मोठा साठा पूर्वेकडं निघाला होता, सगळे म्हणत होते मोठा एल निनो येतोय, पण वाऱ्यानं साथ दिली नाही आणि पावसाळ्यात तो आलाच नाही. तरी पाऊस गेला. हे मी सगळं सांगितलं, लई उत्साहात सांगितलं खरं तर.

"म्हंजी आला तरी मरण, न्हाई आला तरी मरण," अण्णा म्हणाले. "मंग मी काय करू माय? पेरू नको?"

मला बोलताच येईना. कापूस कमी करा, तूर वाढवा, असलं काहीतरी म्हणता आलं असतं, पण ते माझं शिक्षणच नाही. अण्णांनी बी आणलं. जूनमध्ये बरा पाऊस झाला, पेरलं, उगवलं, आणि जुलैत आभाळ कोरडं. उभं सोयाबीन करपलं. पोळ्याच्या आधी बैलजोडी बाजाराला नेली, कारण कडबा विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि पोळ्याच्या दिवशी अण्णा घरी थांबलेच नाहीत, सकाळीच कुठंतरी निघून गेले. मला कुणी एक शब्द बोललं नाही. चुलतभाऊ तेवढा म्हणाला, "ताईला ठाऊक हुतं म्हनं."

हो, ठाऊक होतं. मग? मी सांगितलं नाही असं तर नाही ना. हवामान खात्यानं पण जूनमध्ये अंदाज सरासरीच्या ८८ टक्क्यांवर आणला होता आणि देशात पडला ८६. एवढा बरोबर अंदाज, आणि आमच्या वावरात त्याचा उपयोग शून्य.

तेव्हाच्या मला वाटायचं की खालची उष्णता कळली म्हणजे पुढचं सगळं कळलं. त्या तेव्हाच्या पोरीला म्हणावं १९९७ बघ. विसाव्या शतकातला सगळ्यात तगड्यांपैकी एक एल निनो, आणि देशात पाऊस सरासरीइतका! त्या साली हिंदी महासागर पश्चिमेला गरम आणि पूर्वेला गार झाला होता, त्यानं सावरलं म्हणतात. ती म्हणेल, म्हणजे तिथलं पण खालचंच बघायला पाहिजे ना. बरोबरे तिचं. पण सगळे समुद्र बघून झाले तरी उत्तर देशाचं येणार, तालुक्याचं नाही, आणि अण्णांना तर एका वावराचं पाहिजे होतं.

तर पेरायचं कधी ते मला विचारू नका, ७५-१०० मिलिमीटर होऊ द्या, ओल बघा आणि पेरा, कृषीवाले पण तेच सांगतात. मला विचारायचंच असेल तर २०१४ चं विचारा. ती अर्धवट राहिलेली उष्णता पॅसिफिकमध्येच मुरली आणि पुढच्या सालच्या एल निनोला तिचा हातभार लागला असं आता मानतात. मग २०१४ ला आमचा पाऊस कुणी नेला, यावर माझं आणि ऑफिसातल्यांचं अजून भांडण चालूय.