बाईंनी आखायला लावलेले दोन रकाने

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं आणि पहिली आठवली ती नववीतली इतिहासाची वही. एका पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे फ्रान्स, उजवीकडे इंग्लंड.

त्या वर्षी वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'लोकशाहीकडे नेणारा खरा मार्ग क्रांतीचाच'. मी प्रस्तावाच्या बाजूने बोललो. पॅरिसच्या बास्तीय तुरुंगाचा पाडाव, स्वातंत्र्य, समता, बंधुता असं सगळं आवाज चढवून सांगितलं. पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या बाईंनी वर्गाबाहेर थांबवलं. "छान बोललास. पण मला सांग, बास्तीय पडल्यावर फ्रान्समधल्या बायकांना मत द्यायला कधी मिळालं?" मला सांगता येईना. "शोधून काढ. इंग्लंडचंही शोध. वहीत दोन रकाने कर."

डावा रकाना भरताना मी हबकलोच. १७८९ नंतर चार वर्षांत दहशतीचं राज्य. १७९९ मध्ये नेपोलियनने सत्ता बळकावली, १८०४ मध्ये तो सम्राट झाला. मग पुन्हा राजे. १८४८ मध्ये आणखी एक क्रांती होऊन सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला, आणि त्याच मतांवर अध्यक्ष झालेल्या लुई नेपोलियनने, म्हणजे नेपोलियनच्या पुतण्याने, १८५१ मध्ये संसदच बरखास्त केली. १७८९ च्या ऑक्टोबरात व्हर्सायवर चालून जाऊन राजाला पॅरिसला यायला भाग पाडणाऱ्या बायकाच होत्या. बायकांच्या मताधिकारासमोर मी लिहिलेलं साल होतं १९४४. एकशे पंचावन्न वर्षं! वजाबाकी मी दोनदा करून पाहिली.

उजवा रकाना मात्र जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसत होता. मताधिकार टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या कायद्यांची सालं : १८३२, १८६७, १८८४, १९१८, १९२८. वही घेऊन मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "बाई, मी चुकीच्या बाजूने बोललो." त्यांनी वही हातात घेतली, १८३२ आणि १८६७ च्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे कोण जगत होतं?"

या प्रश्नाने माझा पिच्छा आजवर सोडलेला नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या पायऱ्या कोणी आपणहून बांधून दिलेल्या नव्हत्या. १८१९ मध्ये मँचेस्टरला मताधिकार मागायला जमलेल्या नि:शस्त्र लोकांवर घोडदळ घातलं गेलं. तेच पीटरलूचं हत्याकांड. १८३१ मध्ये उमराव सभागृहाने सुधारणेचं विधेयक फेटाळलं तेव्हा ब्रिस्टल पेटलं. पुढच्या वर्षी कायदा झाला, पण त्यातही कामगार बाहेरच राहिला. १८३८ मध्ये चार्टिस्टांनी, म्हणजे कामगारांसाठी मताधिकार मागणाऱ्या चळवळीने, सहा मागण्या मांडल्या. समजा, त्यांच्या अर्जावर तेव्हा तीस वर्षांच्या एका माणसाने सही केली. शहरात घर करून राहत असेल, तर त्याला मत मिळालं एकोणसाठाव्या वर्षी. खेड्यातला शेतमजूर असेल, तर शहात्तराव्या वर्षी, तेही तोवर जगला तर. गुप्त मतदानाची मागणी १८७२ मध्ये मान्य झाली, खासदारांच्या वेतनाची १९११ मध्ये. 'हळूहळू' हा शब्द मला तेव्हापासून सहज उच्चारता येत नाही.

शाळा सुटल्यावरही त्या वहीत भर घालत राहिलो. सगळ्यांत जास्त वेळ अडकलो तो स्पेन आणि पोर्तुगालपाशी. दोघे शेजारी, दोन्हीकडे अनेक दशकांची हुकूमशाही. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनीच राजवट उलथवली. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली आणि बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, संविधानसभेची निवडणूक झाली. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको वारल्यावर त्याच्याच संसदेने नोव्हेंबर १९७६ मध्ये ४२५ विरुद्ध ५९ मतांनी स्वतःचा शेवट मंजूर केला आणि जून १९७७ मध्ये खुली निवडणूक झाली. त्याची किंमतही होती. त्याच वर्षीच्या माफीच्या कायद्याने जुन्या राजवटीतल्या अत्याचारांच्या खटल्यांची वाट बंद केली.

मग रशिया. तिथे १९१७ च्या क्रांतीनंतर निवडणूक झालीही, पण निवडून आलेली संविधानसभा जानेवारी १९१८ मध्ये एकाच बैठकीनंतर बंद पाडली गेली. पोर्तुगालच्या सैनिकांनी मतपेटीचा निकाल मानला, रशियात सत्ता हाती घेतलेल्या बोल्शेविकांनी मानला नाही. राजवट कशी पडली, यापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो. सुधारणेचा मार्ग मला आज अधिक भरवशाचा वाटतो तो याचसाठी. त्यात हरलेला माणूस जिवंत राहतो, सभागृहात बसतो आणि पुढच्या खेपेला पुन्हा मतं मागतो. हरणं अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि क्रांतीच्या धामधुमीत तो वेळ क्वचितच मिळतो. पण वरच्यांना खालून धक्का बसला नाही, तर सुधारणा कागदावरही येत नाही, हे उजव्या रकान्याने मला शिकवलं.

बाईंना हे सगळं सांगायचं राहून गेलं. त्याच व्यासपीठावर आज उभा राहिलो, तर मी प्रस्तावाच्या विरोधात बोलेन. पण सुरुवात पीटरलूपासून करेन.