तुम्ही विचारलंत म्हणून: बडोद्यात राहून प्रवाळांचा अभ्यास

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, रावपुऱ्यातली ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "ताई, बडोद्यात समुद्र कुठाय? तुम्ही प्रवाळांवर काम कसं करता? आमच्या मुलीलाही तेच करायचंय. पोट भरेल का त्यात?"

प्रवाळांचा समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर आहे. कच्छच्या आखातात १९८२ साली भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच परिसरात, जामनगरच्या पुढे वाडीनारजवळ नरारा आहे. तिथे ओहोटी लागली की प्रवाळांपर्यंत, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या कोरल नावाच्या प्राण्यांपर्यंत, चक्क चालत जाता येतं. लक्षद्वीप-अंदमानला बऱ्याच कामासाठी पाण्यात उतरावं लागतं, इथे पोहता न येणाऱ्यालाही सुरुवात करता येते.

आमच्या कामाचे दिवस कालनिर्णय ठरवतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त ओसरतं, मग हाताशी जेमतेम दोन-तीन तास. टेप अंथरायची, चौकट ठेवायची, आत जिवंत किती, मेलेलं किती, गाळाखाली किती ते लिहायचं, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. आखाताचं पाणी गढूळ. अंगावर बसलेला गाळ प्रवाळ चिकट स्राव सोडून झटकतं; वाकून पाहिलं तर त्या स्रावाचे मातकट धागे दिसतात. मला हे बघायचा अजून कंटाळा आलेला नाही.

पाणी फार तापलं की प्रवाळाच्या ऊतींत राहणारी, त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं निघून जातात आणि ते पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं. सावरलं की नाही, हे त्याच जागी पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकदाच्या सुंदर फोटोपेक्षा वर्षानुवर्षं भरलेली कंटाळवाणी वही मला मोलाची वाटते.

पैशांचं खरं सांगते. सुरुवातीची बरीच वर्षं प्रकल्पावरची नोकरी असते; प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. पुढे विद्यापीठं, भारतीय प्राणी सर्वेक्षण, वनखातं, संस्था अशा वाटा आहेत, पण जागा थोड्या. घरच्यांनी तेवढा काळ कळ काढायची तयारी ठेवावी. मुलीने सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र घ्यावं, आणि संख्याशास्त्राला अजिबात टाळू नये. किनाऱ्यावरच्या एका आठवड्याची आकडेमोड बडोद्यात महिनाभर पुरते.

त्याआधी हिवाळ्यात तिला नराराला नेऊन आणा. वनखात्याची परवानगी काढा, जुने बूट घाला, गाइड दाखवेल तिथेच पाय ठेवा. गड्ड्यासारखं प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतं. वीतभर उंच दिसलं तर ते तुमच्या मुलीपेक्षा वयाने मोठं असू शकतं.