कॉइलची करपट गेली, केटल जवळजवळ ठरली

मंडळी, माल्टा उकळायच्या टोपातली (म्हणजे केटलमधली) विजेची तापणारी कॉइल स्वच्छ निघाली! माल उपसून झाल्यावर टोपात हात घातला, तर नळीवर नुसता पातळ तपकिरी पापुद्रा, तोही ओल्या फडक्यानं निघून आला. मागच्या वेळी काळ्या खरपुडीचा फोटो टाकला होता ना, ती काढायला तारेचा काथ्या घेऊन बसावं लागलं होतं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: मी करतो तो माल्टा. बार्लीच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांचा) वर्ट म्हणजे गोड काढा, हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचा, गार करायचा आणि गॅस भरून प्यायचा. यीस्ट पडलं की तो आंबून बिअर होते आणि मग अबकारी खात्याच्या परवान्याचा विषय, त्यामुळे फर्मेंटरबद्दल (आंबवायच्या भांड्याबद्दल) मला विचारू नका.

तर करपट, म्हणजे कॉइलवर जळून बसणारा थर आणि मालाला लागणारा जळका वास. माल्ट बदलून पाहिला, वर्ट दोनदा गाळून पाहिला, सतत ढवळून पाहिलं. शेवटी धागा सापडला तो वहीत. संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज १९० वर येतं. त्या वेळी केलेला माल कधीच करपलेला नाही. उकळी आळशी, पण वास स्वच्छ. रविवारी दुपारी २३० भरून असलं की मात्र हमखास जळका वास. वॅट व्होल्टेजच्या वर्गानं घटतात, म्हणजे ३००० वॅटची कॉइल १९० ला जेमतेम २०५० वॅट देते. व्होल्टेज पडलं म्हणून मी इतके दिवस चरफडत होतो, आणि माल वाचवत होतं तेच.

प्रश्न एकूण वॅटचा नाहीच, नळीच्या दर चौरस सेंटिमीटरवर किती वॅट पडतात त्याचा आहे. माझी जुनी कॉइल ८ मिमी जाडीची, तापणारी लांबी मीटरभर. पृष्ठभाग झाला साधारण २५० चौ. सेंमी, म्हणजे दर चौ. सेंमीला १२ वॅट. गिझरच्या पाण्याला हे चालतं. वर्टात साखर आणि प्रथिनं असतात, ती तापल्या नळीला चिकटतात, मग थरावर थर. १९० व्होल्टला हाच आकडा ८ वर येतो. म्हणून वॅट तेवढेच ठेवून नळी लांबवली: २.२ मीटर, इनकोलॉय या न गंजणाऱ्या मिश्रधातूची, वेटोळं करून. भरल्या व्होल्टेजला साडेपाच वॅटच्या आत. जुन्या अॅल्युमिनियमच्या टोपाला भोकं पाडून बसवली आणि मुद्दाम भर दुपारी लावली. निकाल वर सांगितलाच.

आता या वेटोळ्यामुळे केटलची यादीच उलटीपालटी झाली. दुधाचा ४० लिटरचा कॅन माझ्या मनात पहिला होता, स्वस्त आणि दणकट. पण वेटोळं गळ्यातून आत जात नाही आणि घासायला हातही नीट फिरत नाही. कॅन बाद. अॅल्युमिनियमचा टोप चाचणीपुरता ठीक; कॉस्टिक सोड्यानं धुवायची सोय नाही, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. सँडविच बुडाच्या (दोन पत्र्यांमध्ये दुसरा धातू भरलेल्या जाड तळाच्या) भांड्यांवर पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत. आपली उष्णता आतून येते, जाड बूड नुसतं वजन.

राहिलं साधं स्टील. इथे बेळगावच्या खडे बाजारात भांडी किलोवर मिळतात आणि दुकानदार डोळे मिटून ३०४, म्हणजे स्टेनलेसची चांगली जात, म्हणतो. चुंबकावर जाऊ नका. २०२ या हलक्या जातीलाही चुंबक चिकटत नाही. स्टील तपासायच्या द्रावाची छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊनच जा. एका दुकानात ‘एकदम ३०४’ म्हणून दाखवलेल्या टोपावर थेंब टाकून बॅटरी लावली तर लालभडक, म्हणजे २०२. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. फेरूलच्या (नळ-कॉइल जोडायच्या कड्याच्या) वेल्डिंगभोवती गंज धरतो तो तिथेच.

म्हणून उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरकडे ३०४ च्या पत्र्यातून बनवून घ्यायचं ठरवलं. त्यांनी माप ऐकून विचारलं, “एवढं मोठ्ठं कशाला ओ? लगीन हाय काय घरात?” पण माणूस हाताचा साफ आहे. त्यांचं आर्गन वेल्डिंग आतून बोट फिरवलं तरी कळत नाही.

माप: आधी ४५ सेंमी रुंद म्हणत होतो. पण वेटोळं बुडायला तळापासून ७ सेंमी द्रव लागतो. ४५ च्या टोपात ते ११ लिटर, ३६ च्या टोपात ७. शिवाय रुंद तोंड म्हणजे गुऱ्हाळाची काहील, भसाभसा आटणार. आणि ३६ सेंमीची खरी गंमत ऐका: दर सेंटिमीटर उंचीला जवळपास बरोबर एक लिटर! शाळेची पट्टी बुडवली की माप तयार. उंची ४०, म्हणजे काठोकाठ ४० लिटर, कामाचे ३०.

६५ अंशांवरून उकळीपर्यंत ३० लिटरला हिशेबानं २३ मिनिटं लागतात, १९० व्होल्टला ३३. उकळी म्हणजे इथे ९७.५ अंश हं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, तापमानाच्या कंट्रोलरला १०० सांगाल तर तो वाटच बघत बसेल.

हे लिहिताना सुचलं: ३००० ची एक कॉइल कशाला? १५०० च्या दोन, वेगळ्या स्विचवर. तापवताना दोन्ही, उकळी धरली की एक. फक्त एकीवर उकळी दमदार राहील का ही शंका आहे, कारण झाकण ठेवता येत नाही. माल्टमधून येणारं डीएमएस (गंधकाचं एक संयुग) वाफेबरोबर उडून गेलं नाही तर शिजलेल्या मक्याचा वास बसतो. बाहेरून ग्लासवूल गुंडाळलं तर जमावं. पण मग टोपाला दोनऐवजी चार भोकं. फॅब्रिकेटरला आजच फोन करून कटिंग थांबवतो. कॉइल एक असो वा दोन, अर्थिंग आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागणारच, त्यात काटकसर नाही.

कोणी १५०० वर ३० लिटर उघड्या तोंडानं उकळलंय का? तासाला किती आटलं तेवढं कळवा. शनिवारपर्यंत भोकांचा आकडा द्यायचाय.