हौद, बॉलकॉक आणि मी

सुट्टी लागली की मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात, काय मज्जा आहे यार तुझी, मोकळी हवा, गोडगोड वासरं वगैरे, आणि मी ते वाचत असते पहाटे पावणेपाचला, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात शेणाचं फावडं. हवा मोकळी आहे हे खरंय. तिला वास पण आहे.

आमच्याकडे सध्या दुधात ११ गाई, २ भाकड, ३ गाभण कालवडी आणि ५ वासरं. गोठा मुक्त आहे, म्हणजे गाई बांधलेल्या नसतात, कुंपणाच्या आत मोकळ्या फिरतात, पाण्याचा हौद सगळ्यांना एकच. धारा बाबा आणि दादा काढतात, मशीन आहे पण पहिल्या तीन-चार धारा हातानेच काढून बघायच्या, गुठळ्या दिसल्या तर त्या सडात काहीतरी गडबड आहे समजायचं. वासरं आणि हौद हे खातं सुट्टीभर माझं.

आत्ता एक चार दिवसांचं वासरू आहे, त्याला बादलीतून प्यायला शिकवतेय. दोन बोटं कोमट दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत खाली न्यायचा आणि मग बोटं गुपचूप काढून घ्यायची. सांगायला सोपं. त्याची जीभ म्हणजे ओला पॉलिश पेपर, वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच त्यामुळे बोट चावलं जात नाही पण सालटं निघाल्यासारखं होतं, आणि मधेच ते बादलीला खालून अशी ढुशी मारतं (आईला पान्हा फुटावा म्हणून मारतात ना तशी) की अर्धं दूध माझ्या पायावर. आज पाचव्या वेळी बोटं काढल्यावरही ते पीत राहिलं. मी एवढी खूश झाले की व्हिडिओ काढला, सगळ्यांना पाठवला, आणि इथेच घात झाला.

कारण त्याच्या आधी मी हौद घासायला घेतला होता. उन्हाळ्यात शेवाळ लवकर धरतं, आणि पाण्याला वास आला की गाई तोंड लावून परत फिरतात. सकाळी धारा झाल्या झाल्या त्या भरपूर पाणी पितात, मग हौद बराच रिकामा होतो, तेवढ्यात कॉक बंद करायचा, घासायचं, धुवायचं, परत सोडायचा, मग बॉलकॉक (तरंगत्या गोळ्याचा नळ, हौद भरला की पाणी बंद करतो) आपोआप बघून घेतो. घासलं, धुतलं आणि वासराच्या दुधाची वेळ झाली म्हणून पळाले. कॉक तसाच बंद.

दुपारी मी झोपले होते. आबांनी हाक मारली, "अगं, गाया सावली सोडून हौदापाशी का उभ्यात?" त्यांनी उठून बघितलं पण नव्हतं, नुसतं खाटेवरून लांबून दिसलं तेवढ्यावर. मी चप्पल न घालताच पळाले. सगळ्या धापा टाकत होत्या, एकीची जीभ बाहेर, आणि आमची सगळ्यात गरीब कालवड हौदाचा कोरडा तळ चाटत होती. तो चाटण्याचा खरखर आवाज अजून कानात आहे.

कॉक सोडल्यावर वेगळीच मारामारी. गाय मिनिटाला दहा लिटरच्या वर सहज ओढते, पाइपला तेवढा जोर कुठे, आणि दादागिरी करणाऱ्या दोघी पुढे घुसल्या की बाकीच्यांना शिंगं. मग मी आणि दादा बादल्या घेऊन मागच्यांना पाजत बसलो. कोणी मला एक शब्द बोललं नाही, हे जास्त वाईट असतं.

संध्याकाळी कळलं. रोज ५० लिटरच्या आसपास निघतं, आज ४२. दुधात ८७ टक्के पाणीच असतं हे मी शाळेत परीक्षेला लिहून मार्क पण घेतलेत, पण कॅनमध्ये बघणं वेगळं. आबा एवढंच म्हणाले, "गाय भांडत नाय, दूध चोरते." खरं तर तिने चोरलं नव्हतं, तिच्याकडे नव्हतंच, पण मी वाद घालायच्या परिस्थितीत नव्हते.

आमच्याकडे दुधाची वही असते, तिच्यात शेवटी शेऱ्याचा रकाना, त्यात बाबा लिहितात माज (म्हणजे गाय फळायला आली), लस, नवीन चारा असं काहीबाही. आज त्यांनी आकडा लिहिला आणि पेन माझ्यापुढे धरला. मी लिहिलं, "हौद". दादाने नंतर त्याच्यापुढे कंसात लिहून ठेवलंय, "व्हिडिओ छान होता".