इरकलीचा भोपळा

सप्टेंबर सरता सरता आमच्या अपार्टमेंटच्या ऑफिसातून पत्रक आलं : दारात आणि बाल्कनीत खरे भोपळे ठेवू नका. खारी कुरतडतात, भोपळा सडला की पाणी सुटतं, फरशीवर डाग पडतात. नियम रास्त आहे, तरी मला लागला. मी राहते इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला. इथून अर्ध्या-पाऊण तासावर मॉर्टन आहे. तिथल्या कारखान्यात भोपळ्याचा गर डब्यांत भरला जातो आणि अख्ख्या अमेरिकेत जातो. 1978 पासून त्या गावाला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणतात. अशा मुलखात राहायचं आणि दारात भोपळा नाही?

खरं सांगायचं तर खारींपेक्षा मला माणसांचाच राग जास्त येतो. नोव्हेंबर लागला की रस्त्यारस्त्यावर कचऱ्याच्या डब्याशेजारी धडधाकट भोपळे पडलेले दिसतात. कुणी कापलेले नाहीत, चाखलेले तर नाहीतच. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाला चेहरे कोरायला घेतात ती जात पाणचट आणि धाग्याधाग्याची असते, हे मान्य. पण खाता येतेच की! डब्यातला गर ज्या भोपळ्याचा, तो लांबट, फिक्या रंगाचा आणि आपल्या लाल भोपळ्याच्याच कुळातला. त्याचे घारगे उत्तम होतात. आमच्या घरी भोपळ्याच्या बियासुद्धा वाळवून सोलायच्या, त्यामुळे हे दृश्य मला दरवर्षी सोसत नाही.

कापडी भोपळ्याला मात्र नियमात मनाई नव्हती. आईची एक इरकल माझ्याकडे होती, घडीवर विरलेली, काठ मात्र शाबूत. तिच्यातून 20 बाय 10 इंचाचा तुकडा काढला, आतून मऊ सुती अस्तर लावलं. आखूड बाजू उलटीकडून जोडून नळी शिवली. खालच्या कडेला दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून ओढला की चुण्या पडून तळ बंद होतो. मग सुलट करायचं, तळाशी छोट्या पुरचुंडीत मूठभर तांदूळ, म्हणजे भोपळा कलंडत नाही, आणि वर उशीत भरतात तो कापूस. तो ठासून भरा. सैल भरला तर पुढचे टाके ओढताना भोपळा बसतो. वरचं तोंडही तसंच धावदोऱ्याने आवळायचं.

फोडी पाडण्यासाठी दाभण हवं. तळाच्या मध्यातून वर काढायचं, दोरा बाहेरून खाली आणायचा, पुन्हा तळातून वर, दर वेळी घट्ट ओढून. आठ फोडी पडल्या आणि त्या कापडाचा खराखुरा भोपळा झाला! शेजारच्या आजी भोपळ्यांचे देठ वाळवून जपून ठेवतात. त्यांनी न मागता एक आणून दिला, वर चिकटवायला डिंकही दिला. असा शेजार मिळायला भाग्य लागतं.

आईला फोनवर दाखवला तर म्हणाली, "अगं, इरकल कापलीस? तीही त्यांच्या सणासाठी?"

मला ते झोंबलं. हा काही नुसत्या हॅलोविनचा भोपळा नाही. सुगीचा आहे, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग होईपर्यंत तो घरात असतो. आणि आपल्याकडे दारात कोहळा टांगतातच ना? जुन्या लुगड्यांच्या गोधड्या करताना कुणी हळहळलं नाही. धावदोरा मी आजीकडून शिकले, तोच इथे घातला. साडी ट्रंकेत फाटली असती, आता ती रोज डोळ्यांसमोर आहे. दसऱ्याला मी झेंडूच्या माळेजवळ भोपळा ठेवला आणि फोटो पाठवला. आईने फक्त विचारलं, "काठ कुठे गेला?"

काठाची पानं केली आहेत, देठाशी दोन. उरलेल्या पदरातून आणखी एक लहान भोपळा निघेल. तुम्ही करणार असाल तर धुऊन मऊ झालेलं जुनं कापडच घ्या. नव्या कडक कापडाच्या चुण्या नीट बसत नाहीत.