तारेला बोट

गंगापूर रोडला एका रिकाम्या प्लॉटसमोर मित्राची वाट बघत उभा होतो. मे महिन्याची दुपार. उद्योग नाही म्हणून कंपाउंडच्या तारेवर, दोन काट्यांच्या मधे, बोट मारलं. भद्द! जुनी खोड आहे माझी. तार दिसली की वाजवून बघायची. वाजली तर कुंपण, नाही वाजली तर कपडे वाळत घालायची सोय.

खोड मामांची. निफाडकडे त्यांचा मळा. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी बांधाला काटेरी तार मारायचं काढलं. बाभळीचे खांब. मधले खड्डे आम्ही पोरांनी खणले, पण कोपऱ्याच्या खांबाला मामांनी कुणाला हात लावू दिला नाही. कमरेएवढा खोल गाडला, दगड घालून पहारीने ठोकून ठोकून बसवला आणि तार ज्या बाजूला ओढणार त्याच बाजूने तिरपा टेकू दिला. ओढ सगळी त्याच्यावर. मग दुसऱ्या टोकाला पहारीला तार गुंडाळून, खांबाच्या आधाराने ते पहारीवर अख्खे रेलले. "लांब व्हा रे! सुटली तर डोळा घेऊन जाईल."

मला इंग्रजी यूसारखे खिळे ठोकायला दिले होते. मी जोशात पार बुडवले. मामा आले, काही न बोलता पक्कडीने एकेक उपसला. "मधल्या खांबानं आवळायचं नसतं, भाचेबुवा. नुसती उंचीवर धरायची. सरकायला जागा ठेव." शिवाय खिळा जरा तिरका, दोन्ही पाय एकाच रेषेत गेले की लाकूड चिरतं. निम्मे खिळे वाकडे झाले होते. ते दगडावर सरळ करण्यात माझी संध्याकाळ गेली.

काटेरी तारेचं पेटंट ग्लिडन नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याला १८७४ साली मिळालं. एका तारेवर काटा, दुसरी तिच्याभोवती पिळायची, की काटा जागचा हलत नाही. छानच आहे. पण टेकूला असं कुणाचं नाव चिकटलेलं नाही, म्हणून लोक तो विसरतात, असं माझं मत आहे.

या प्लॉटचंच बघा ना. कोपऱ्याचा खांब म्हणजे लोखंडी अँगल, तो आत झुकलेला, टेकूचा पत्ता नाही. आता खरं सांगायचं तर उन्हात शंभर मीटर पोलादी तार तीस अंशांच्या फरकाने साडेतीन सेंटिमीटर वाढते. निफाडला डिसेंबरच्या पहाटे टणत्कार करणारी तार मे महिन्यात थोडी झोळ देणारच. म्हणजे दुपारी बोट मारून नावं ठेवणं अन्यायाचं. पण अँगल तर उन्हाने वाकत नाही ना!

तेवढ्यात मित्र आला. "काय बघतोयस एवढं?"

"कोपऱ्याला टेकू नाही."

त्याने प्लॉटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेतोयस की काय?"