पालथे की उताणे?

"पालथे की उताणे?" डॉक्टरांनी विचारलं.

मला वाटलं झोपेबद्दल विचारताहेत. म्हटलं, "झोपतो मी कुशीवर."

"झोपायचं नाही विचारत. हस्तमैथुन करता तेव्हा."

नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतला दुसऱ्या मजल्यावरचा दवाखाना. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. ते ऐकून मला त्याही परिस्थितीत हसू आलं. मग खाली मान घालून म्हणालो, "पालथा." आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलासुद्धा नाही.

मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. दहा मायक्रॉन इकडचे तिकडे झाले तर पार्ट बाजूला काढणारा माणूस. आणि स्वतःच्या शरीराबाबत मात्र वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत ऐकीव माहितीवर चाललो होतो.

आमचं घर सिडकोत. एक खोली, एक स्वयंपाकघर. आई, अण्णा, आजी, भाऊ आणि मी. आयटीआय करून कामाला लागलो तेव्हा मी विशीत होतो, पण स्वतःची अशी जागा म्हणाल तर एक गादी आणि एक चादर, एवढीच. बाथरूममध्ये जावं तर सकाळी नळाला पाणी आलेलं असायचं आणि दारावर थाप पडायची. मग रात्री सगळे झोपले की पालथं व्हायचं, चादर डोक्यावरून घ्यायची, आणि गादीवर दाब देऊन दोन मिनिटांत उरकायचं. हालचाल नाही, आवाज नाही. एक कान आजीच्या खोकल्याकडे. अकरा वर्षं हेच. यात कौशल्य कसलं असेल तर गुपचूप उरकण्याचं.

मग लग्न झालं. आणि ऐन वेळी काहीच होईना.

पहिले काही दिवस दमणुकीवर ढकलले. लग्नाची दगदग, पाहुणे, शिफ्ट. पण महिना गेला, दोन गेले. सुरुवातीला जरा ताठरता यायची आणि मोक्याच्या क्षणी जायची. एकट्याने मात्र सगळं व्यवस्थित. त्यामुळे तर अजूनच डोकं फिरलं. पुढेपुढे बायको जवळ आली की माझ्या मनात एकच तपासणी सुरू व्हायची, आज राहील का? मी स्वतःवरच क्वालिटी इन्स्पेक्टर होऊन बसलो होतो. एका रात्री तिने भिंतीकडे तोंड करून विचारलं, "मी आवडत नाही का तुम्हाला?" तेव्हा मी काहीच बोललो नाही. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

डॉक्टरकडे जायच्या आधी अर्थातच मी भलतीकडे गेलो. हायवेला तंबू लावून, बरण्यांत मुळ्या भरून बसतात ना, तिथे. त्या बाबाने मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "तरुणपणी हाताने नुकसान केलंय." अरे, कुणी नाही केलं? हे म्हणजे ज्योतिषाने 'तुमच्या मनात काहीतरी चिंता आहे' म्हणण्यासारखं. नस ढिली झालीय, वाकडी झालीय, रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, तुम्ही सगळं वाया घालवलंत. तीन हजार आठशे रुपये. चूर्ण आणि तेल. चूर्णाने जळजळ झाली, तेलाने चादर खराब झाली. लैंगिक ताकद वाढवायच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला फार नंतर कळलं. तंबूबाहेरचा फलक तर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यालाही वाचता येईल एवढा होता.

चाळीस थेंबांचा हिशोब मी नंतर कॅंटीनमध्ये चहाच्या बिलामागे मांडला. एका वेळी तीन मिली धरा. मिलीचे वीस थेंब, म्हणजे साठ थेंब. गुणिले चाळीस, चोवीसशे थेंब रक्त. म्हणजे १२० मिली. आठवड्यातून चार वेळा म्हटलं तर ४८० मिली. रक्तदान शिबिरात एका पिशवीत ३५० मिली घेतात आणि पुढचे तीन महिने परत येऊ नका म्हणतात. या हिशोबाने मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी वारायला हवा होतो, आणि माझ्यासोबत अख्खी सेकंड शिफ्ट.

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि मोकळेपणाने हसले. म्हणाले, वीर्यातला बहुतेक भाग प्रोस्टेट आणि मूत्राशयामागच्या ग्रंथींतला स्राव असतो, शरीर तो बनवतच असतं. वीर्य गेलं म्हणून माणूस खंगत नाही. पण ते जातंय या धास्तीने खंगणारे आपल्याकडे इतके आहेत की मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० साली त्याला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं.

मग त्यांनी विचारलं, पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? असते. एकट्याने होते का? होते. म्हणजे पाइपलाइन आणि वायरिंग शाबूत आहे. ताठरता म्हणजे लिंगातले स्नायू सैल पडून आत रक्त भरणं. घाबरलं की शरीर ॲड्रेनलिन सोडतं आणि तेच स्नायू आवळतात. मी जितका जोर लावत होतो तितका स्वतःच नळ बंद करत होतो.

आणि पालथं? "अकरा वर्षं तुम्ही शरीराला एकाच दाबाची सवय लावलीत," ते म्हणाले, "तेवढा दाब बायकोच्या शरीरात कुठून येणार?" टॉर्क रेंच आठवला, ठरावीक जोर लागला की 'टक्' करणारा पाना. एका आकड्याला लावून ठेवला की त्याखाली तो 'टक्' करतच नाही. असं करणाऱ्या प्रत्येकालाच त्रास होतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण माझ्यात सवय आणि भीती दोन्ही हातात हात घालून होत्या.

मला वाटलं आता म्हणतील, बंद करा. ते म्हणाले, "बंद कशाला? उताणे व्हा. मूठ सैल. तेल लावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि घाई नको." तेलाबद्दल एक टीप दिली. कंडोम वापरणार असाल तेव्हा खोबरेल लावू नका, तेलाने लॅटेक्स फाटतं.

रक्त तपासलं. साखर, चरबी, सकाळी लवकर टेस्टोस्टेरॉन. बाकी सगळं ठीक, पण एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ६.१ निघालं. अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. हे ऐकून मी म्हटलं, याचा इथे काय संबंध? तर म्हणाले, लिंगाची धमनी एक ते दोन मिलिमीटर, हृदयाची तीन ते चार. कचरा साठायला लागला की आधी बारीक नळी तुंबते. पन्नाशीच्या माणसाने ही तक्रार आणली तर मी आधी त्याचं हृदय तपासतो. मापं सांगितल्यावर मला गोष्टी पटतात.

घरी सांगणं सगळ्यात अवघड होतं. रविवारी तिला गोदापार्कला घेऊन गेलो, नदीकडे तोंड करून बसलो म्हणजे एकमेकांकडे बघायला नको. सगळं सांगितलं, गादीपासून तंबूपर्यंत. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तुमचं आधीच लग्न झालं होतं. गादीशी." आणि हसत सुटली. शेजारच्या बाकावरचे आजोबा वळून बघायला लागले. त्या हसण्याने माझं निम्मं दुखणं गेलं, हे मी डॉक्टरांनाही सांगितलं.

पहिले दहा दिवस उताणं राहून काहीही झालं नाही. डाव्या हाताने सही करायला शिकावं तसं. आम्हा दोघांना काही आठवडे संभोग बंद, फक्त स्पर्श, असं सांगितलं होतं. परीक्षाच रद्द, तर नापास कोण होणार? चौथ्या आठवड्यात नियम मोडला. कसा ते लिहित नाही.

मध्ये काही दिवस ताठरतेसाठी कमी डोसची सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रावाली, गोळी होती. एकदा सकाळी तर्रीदार मिसळ, वर एक्स्ट्रा पाव, आणि लगेच गोळी. तासभर काही नाही, मी परत घाबरलो. तेलकट पोटभर खाल्लं की ती उशिरा लागू होते, हे नंतर विचारल्यावर कळलं. ही गोळी मुळात छातीच्या दुखण्यावर शोधत होते आणि १९९८ मध्ये बाजारात आली ती या कामासाठी. आमच्या लाइनवरच्या नानांना कुठून तरी सुगावा लागला. बाजूला घेऊन म्हणाले, "काय भो, एखादी दे की." नानांना स्टेंट आहे, खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते. त्या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर बीपी धाडकन खाली येतं, जीवही जातो. म्हटलं, "नाना, नाही म्हणजे नाही. आधी तुमच्या हार्टवाल्याला विचारा." महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस डबा खाताना हळूच त्या दवाखान्याचा पत्ता विचारला.

आता गोळी बंद आहे. सहा किलो कमी करायला सांगितलंय, त्यातले चार झालेत. फर्स्ट शिफ्ट नसेल तेव्हा आम्ही दोघं पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो. ती पुढे, मी धापा टाकत मागे.

परवा भाऊ सिडकोच्या त्याच खोलीत मोबाइलवर कसल्यातरी चूर्णाची जाहिरात वाचत बसला होता. सव्वीस वर्षांचा घोडा. मी काही न बोलता कागद घेतला आणि तीन मिली, वीस थेंब, गुणिले चाळीस मांडायला लागलो. त्याने खांद्यावरून डोकावून बघितलं, बोटांवर स्वतःचे दिवस मोजले आणि म्हणाला, "दादा, मग मला तर जिवंतच नाही धरता येणार."